पिसं काढायचं आमंत्रण

शाळेनं पोरांना मैत्री शिकवायला घेतली, तिथंच बोडिलचं टाळकं सरकलं. मैत्री म्हणजे गालगुंड. व्हायची असेल तर दोन दिवसांत होते, नसेल तर शेजारी निजवलं तरी होत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणाकडून शिकायची तिला गरजही नव्हती.

ऑगस्टात शाळा उघडली. तिची नात टिल्डे दुसरीत गेली. वर्गाच्या भिंतीवर रंगीत हातांचे ठसे आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'इथे सगळे सगळ्यांचे मित्र'. बोडिलनं दारातूनच वाचलं आणि म्हणाली, "सगळ्यांचा मित्र फक्त कुत्रा असतो. तोसुद्धा तुकडा टाकला तर."

वर्गशिक्षिका स्टिना हसली. हसण्याचाच पगार घेत असावी अशी हसायची. "ए बोडिल, तू फार गमतीची आहेस गं!"

काल दात आलेली पोर, आणि सत्तरी उलटलेल्या बाईला 'ए बोडिल'! बोडिलच्या लहानपणी मास्तरांना नुसतं 'तू' म्हटलं असतं तर कान हातात आला असता. पण आता या फ्यून बेटावर काय आणि सगळ्या डेन्मार्कात काय, मास्तर आणि मांजर दोघांनाही नावानंच हाक मारतात.

टिल्डेचं सगळं बोडिलच बघायची. मुलगा योर्न दुधाचा टँकर घेऊन पहाटे जायचा. सून कोपनहेगनला गेली ती तिकडचीच झाली. तेव्हापासून पोर स्वेटरची बाही चघळायची. पहिलीचं अख्खं वर्ष तिनं बाह्या खाऊन काढलं. कुणी मारत नव्हतं, कुणी चिडवत नव्हतं. नुसतं कुणी विचारत नव्हतं.

मग दुसरीत नीवी आली. ग्रीनलँडहून आईबरोबर आलेली, गोल तोंडाची, खो-खो हसणारी पोर. आई गावातल्या वृद्धाश्रमात कामाला. दुसऱ्याच दिवशी टिल्डे आणि नीवी एकमेकींना चिकटल्या, सुटीत एकाच डब्यातला राय-पाव खाऊ लागल्या. टिल्डेच्या बाह्या कोरड्या झाल्या. रात्री ती झोपेत हसली, तेव्हा योर्न दारात उभा राहून ऐकत राहिला होता. बोडिलनं त्याला हाकललं, पण स्वतः मात्र तिथेच थांबली.

आणि सप्टेंबर संपता संपता स्टिनानं दोघींना उचलून वर्गाच्या दोन टोकांना बसवलं.

बोडिल तडक शाळेत. "का?"

"अगं, आम्ही दर महिन्याला जागा बदलतो. प्रत्येकाला प्रत्येकाशेजारी बसायला मिळालं पाहिजे ना? जोड्या घट्ट झाल्या की वर्ग सैल होतो. शिवाय नीवी नवी आहे, तिला सगळ्यांत मिसळू दे."

"मिसळू दे म्हणजे? पोर आहे का बटाट्याचं सॅलड? ताटाताटातून फिरवायला?"

"बोडिल, समाज असाच बांधला जातो."

"गोठा बांधतात, बाई. समाज आपोआप होतो, आणि बहुतेक वेळा वाईट होतो."

स्टिना पुन्हा हसली. टिल्डे घरी आली तेव्हा बाही कोपरापर्यंत ओली होती.

तसं वर्ष पुढे सरकलं. दर शुक्रवारी कुणीतरी केक आणायचं, पोरं गोल बसून 'या आठवड्यात मला कसं वाटलं' ते सांगायची. टिल्डेला कसं वाटलं ते सांगायला सांगितलं की ती म्हणायची, "केक छान आहे." चार-चार पोरांचे खेळगट केले, पाळीपाळीनं एकेकाच्या घरी. कोण कुणाच्या गटात, ते स्टिना ठरवणार. टिल्डे आणि नीवी एका गटात? छे! म्हणजे मग समाज कोसळला असता.

नोव्हेंबरात पालकांची सभा झाली. मोठमोठी माणसं पोरांच्या खुर्च्यांवर गुडघे कानाला लावून बसली. स्टिनानं लोकरीचा गुंडा काढला. ज्याच्याकडे गुंडा येईल त्यानं वर्गाबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची आणि धागा धरून गुंडा पुढे फेकायचा. हळूहळू जाळं झालं. एका इंजिनिअर बापाचे डोळे पाणावले. गुंडा बोडिलकडे आला.

"लोकर चांगली आहे," बोडिल म्हणाली. "दोन मोजे झाले असते. माझ्या नातीला एकच पोर आवडते. तिच्याशेजारी तिला बसू द्या, बाकी जाळी तुम्ही विणत बसा."

जेवताना कुणी पगार विचारावा, तशी सगळी सभा तिच्याकडे बघू लागली. मग एक बाई गोड आवाजात म्हणाली, "सगळ्यांना घेऊन पुढे जायचं असतं, बोडिल." आणि गुंडा तिच्या हातातून काढून घेतला.

मे महिन्यात टिल्डेचा वाढदिवस. शाळेचा नियम असा, की बोलवायचं तर सगळ्या मुलींना किंवा सगळ्या वर्गाला. एकीलाच बोलावलं तर स्टिनाचा फोन येतो.

"मला फक्त नीवी हवी," टिल्डे म्हणाली. "सगळे आले तर स्टिना म्हणेल, सगळ्यांशी खेळ. मग नीवी दुसऱ्यांशी खेळेल, आणि मी पण. असंच होतं दर वेळी."

बोडिल रात्रभर तळमळली नाही. तळमळणं तिच्या रक्तात नव्हतं. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना तिला युक्ती सुचली. तिनं योर्नला फोन काढायला लावला.

"लिही. टिल्डेचा वाढदिवस आहे. सगळ्या वर्गाला बोलावणं. अंडी द्यायच्या बंद झालेल्या कोंबड्या सकाळी मारून ठेवीन. पोरांनी त्यांची पिसं काढायची, आतडी काढायची. जुने कपडे घाला, रक्ताचे डाग निघत नाहीत. जेवायला त्याच कोंबड्यांचं सूप."

"आई, पोरं रडतील."

"रडणाऱ्यांनी घरी बसावं. नीवीच्या मामानं तिच्यासमोर समुद्रातला अख्खा सील फाडलाय. ती कोंबडीला भिते होय? नियम पाळला, सगळ्यांना बोलावलं. आता कुणी आलं नाही तर माझा काय दोष?"

योर्ननं लिहिलं आणि शाळेच्या ॲपवर टाकलं. बोडिल स्वतःवर इतकी खूश झाली, की दुपारी दोन कप कॉफी प्याली.

पण म्हातारी एक गोष्ट विसरली. ज्या देशात प्राणिसंग्रहालयात मेलेला प्राणी सगळ्यांसमोर फाडून दाखवतात आणि बघायला लोक दूधपित्या पोरांना खांद्यावर घेऊन रांग लावतात, त्या देशात कोंबडीला कोण घाबरतंय? संध्याकाळपर्यंत ॲपवर लाल बदामांचा पाऊस. 'किती सुंदर कल्पना!' 'अन्न कुठून येतं ते मुलांना कळायलाच हवं!' मांसमच्छीच नव्हे, मधही न खाणाऱ्या एका घरानं कळवलं, 'आमचा मुलगा सूप पिणार नाही, पण पिसं आनंदानं काढेल.' आणि सगळ्यांत खाली स्टिना: 'मीही येते!'

करायला गेली एक नि झालं भलतंच. टिल्डे बाही तोंडात घालून अंगणात जाऊन बसली.

त्या शनिवारी वाढदिवस म्हणून झेंड्याच्या काठीवर देशाचा झेंडा चढला, आणि अख्खा वर्ग रबरी बूट घालून दारात. बोडिलचा राग अनावर झाला, आणि राग आला की ती माणसांना कामाला लावायची. पोरांना बाकांवर बसवलं, गरम पाण्याच्या बादल्या ठेवल्या, प्रत्येक दोघांत एक कोंबडी. "भिजवा, ओढा, पिशवीत टाका. बोलायचं असेल तर हात चालू ठेवून बोला. कसं वाटतंय ते मला सांगू नका." अर्ध्या तासात सगळं अंगण पिसांनी पांढरं झालं. इंजिनिअर बापाला आतड्याचा वास सहन होईना. त्याची पोरगी मात्र काळीज हातावर घेऊन सगळ्यांना दाखवत फिरत होती.

मग केक आला, ब्राऊन साखरेचा, बाईच्या आकाराचा, चॉकलेटच्या केसांचा. टिल्डे आणि नीवीनं एकच सुरी धरून तिचा गळा कापला, आणि तिथल्या वाढदिवसाच्या रीतीप्रमाणे सगळी पोरं बेंबीच्या देठापासून किंचाळली. त्या गोंधळात दोघी गवताच्या माळ्यावर पळाल्या. बोडिलनं पाहिलं आणि शिडीसमोर बादली ठेवून तिथेच बसली. बघू कोण वर जातंय.

तेव्हा तिला फाटकाशी एक पोरगी दिसली. हातात भेटवस्तू घट्ट धरून उभी. एकटी.

"तू कोण?"

"सोल्वाय. तू पाणी चुकीचं गरम केलंस. जास्त गरम झालं की कातडी फाटते. आणि त्या माथियासनं पंखांची पिसं सोडून दिली, मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला गप. आणि तुझ्या ॲप्रनला भोक आहे."

बोडिलनं हे नाव ऐकलं होतं. टिल्डेच्या तोंडून, दर वेळी नाक मुरडून. सोल्वाय चहाड्या करते, सोल्वाय सगळ्यांना दुरुस्त करते, सोल्वायचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसतं. बोडिलनं तिच्या हातात कोंबडी कोंबली. पोरीनं पाचच मिनिटांत ती अशी नागडी केली, की बोडिल बघतच राहिली. हात चालले होते आणि जीभ हातांच्या पुढे.

एवढीशी पोर, आणि असह्य! बोडिलला ती फार आवडली.

स्टिना हातातली पिसं झटकत आली. "बोडिल, किती छान झालं बघ! सगळे एकत्र! टिल्डे-नीवी कुठे आहेत?"

"आहेत. तुझं कौतुक तू घे, माझी हरकत नाही. सगळीकडे सांग, समाज बांधला म्हणून. पण जूनमध्ये वर्ष संपेपर्यंत त्या दोघींना एका बाकावर बसव."

स्टिनाचं हसू पहिल्यांदाच उतरलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मग सोल्वायशेजारी कोण बसणार?"

"म्हणजे?"

"जागा का बदलते मी दर महिन्याला? नीवीसाठी नाही गं. सोल्वायशेजारी कुणीच बसायला तयार नाही. गेल्या वर्षी ती एकटीच बसायची, आणि हिवाळ्यात शाळेतच यायची थांबली. म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला एक महिना. सगळ्यांनाच हलवलं की तिला कळत नाही, तिच्यासाठी हलवतेय ते."

"मग हे सरळ सांगायला तोंड नव्हतं? ते ठसे, ते गुंडे, ते सगळं सोंग कशाला?"

"सरळ कसं सांगणार? सभेत तिची आई बसली होती."

बोडिलचं चुकलं होतं. ही गोष्ट तिच्या आयुष्यात क्वचितच घडली होती, आणि घडली तीही त्या हसऱ्या पोरीपुढे, म्हणून ती आणखीच संतापली.

पाहुणे गेल्यावर तिनं टिल्डेला माळ्यावरून खाली बोलावलं. "तू आणि नीवी एका बाकावर, आणि सोल्वाय तिसरी. बसशील?"

"नाही."

"ती वाईट पोर नाही."

"मग तू बस तिच्याशेजारी," टिल्डे म्हणाली, आणि कोरड्या बाहीनं नाक पुसून शिट्टी वाजवत निघून गेली.

बोडिल बघत राहिली. पोर आपल्यावर गेली होती, यात शंकाच नव्हती.

शाळांतून आजी-आजोबा मदतीला येऊन बसतात, ती पद्धत होतीच. रिकामटेकड्या लोकांचा उद्योग, असं बोडिल म्हणायची. सोमवारी तिनं स्टिनाला सांगितलं, "आठवड्यातले दोन दिवस मी येऊन सोल्वायशेजारी बसेन. बाकीचे दिवस ती तुझ्या टेबलाशी बसेल. पण गोलात बसून कसं वाटलं ते मी सांगणार नाही."

आता बोडिल मंगळवारी आणि गुरुवारी गुडघे कानाला लावून पोरांच्या खुर्चीवर बसते. समोर त्या हातांच्या ठशांची भिंत. पुढच्या बाकावर टिल्डे आणि नीवी, डोक्याला डोकं लावून, मागे वळूनसुद्धा बघत नाहीत. बोडिल सातवी शिकलेली. आताचं गणित तिला कळत नाही.

"चुकलं," सोल्वाय म्हणते. "हातचा विसरलीस. परवा पण विसरलीस. तुला किती वेळा सांगू?"

"तोंड सांभाळ, कार्टे."

"तू सांभाळ आधी."

स्टिना फळ्यापाशी उभी राहून हसते. बोडिल तिच्याकडे बघत नाही. ती खोडरबर घेते, आकडा पुसते, आणि पुन्हा लिहिते.