दुप्पट म्हणजे कितीच्या दुप्पट?

आपण सकाळी वर्तमानपत्र उघडतो, मथळा वाचतो, 'बापरे!' म्हणतो आणि पान उलटतो. आतला मजकूर कोण वाचतंय? पण मंडळी, बातमी लिहिणाऱ्यानेच आतलं वाचलेलं नसेल तर?

एका वार्ताहराने नेमकं तेच केलं होतं. रक्तदाबाच्या एका गोळीवर विद्यापीठात संशोधन झालं. चोवीस पानांचा शोधनिबंध कार्यालयात आला, सोबत अर्ध्या पानाचं पत्रक. पाचला मजकूर द्यायचा आणि साडेतीन वाजलेले. पठ्ठ्याने पत्रक वाचलं, निबंध खणात कोंबला आणि मथळा ठोकून दिला : 'रक्तदाबाच्या गोळीने मूत्रपिंडाला दुप्पट धोका!' संपादक खूश झाले. तिथे रीतच तशी होती. निबंध कुणी उघडला तर बाकीचे हसायचे, "काय रे, परीक्षेला बसतोयस की काय?"

चौथ्या दिवशी दुपारी ते संशोधन करणाऱ्या बाई स्वतः आल्या. साठीच्या, शांत, हातात घडी घातलेला तो अंक. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर वाटलं.

"ही बातमी तुमची?"

"हो. पण दुप्पट हा शब्द तुमच्याच पत्रकातला आहे, बाई."

"आहे. ती आमची चूक. पण निबंध वाचलात?"

त्याने खणाकडे पाहिलं.

"काढा. अकरावं पान."

त्याने निबंध काढला. अकराव्या पानावर एक छोटासा तक्ता होता. गोळी न घेणाऱ्या दहा हजारांत एकाला मूत्रपिंडाचा त्रास, घेणाऱ्या दहा हजारांत दोघांना.

"म्हणजे दुप्पटच ना?" तो चाचरत म्हणाला.

"दुप्पट, पण कितीच्या? एकाचे दोन झाले. आता खालची ओळ वाचा."

खालची ओळ वाचताना त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ही गोळी एकाएकी बंद केली, तर दहा हजारांत तीनशेहून जास्त लोकांना पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं!

"लोकांनी गोळ्या बंद केल्यात," बाई म्हणाल्या. "एकट्या आमच्या रुग्णालयात अकरा जण आले. त्यातल्या एकाची वाचा गेलीय. अहो, घाबरवायला एक शब्द पुरतो, पण समजावून सांगायला हा तक्ता लागतो. तो तुमच्या खणात पडून होता!"

त्या क्षणी त्याला आत्या आठवली.

आई गेल्यावर आत्यानेच त्याला वाढवलं होतं. आठ वर्षं ती हीच गोळी घेत होती. भाच्याची प्रत्येक बातमी कात्रीने कापून वहीत चिकटवायची. आज सकाळीच म्हणाली होती, "डोकं जड झालंय रे." आणि हा बूट घालता घालता म्हणाला होता, "पडून राहा जरा!"

त्याने घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कुणी उचलेना.

तो धावतच सुटला. रस्त्यावर रिक्षा पकडली. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्याला रडू यायचंच बाकी होतं. इमारतीची लिफ्ट नेमकी बंद. तीन जिने चढून दारापाशी पोचला आणि घाईत आधी भलतीच किल्ली कुलपात घातली. आतून नळाचा आवाज येत होता. नुसता नळाचा.

"आत्या! अगं आत्या!"

ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, कपाटाला टेकून, एका पायातली चप्पल निसटलेली. तोंड किंचित वाकडं झालं होतं.

"आलास?" ती अडखळत म्हणाली. "गोळी... बंद केलीय मी. तूच लिहिलंस ना."

टेबलावर कात्रण होतं आणि 'दुप्पट'खाली लाल पेन्सिलीची रेघ.

आत्या वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. रुग्णालयाच्या व्हरांड्यातूनच त्याने संपादकांना फोन केला.

"दुरुस्ती छापायची. पहिल्या पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. आणि तो तक्ता सोबत."

"वेडा आहेस का? चूक कबूल केली तर लोक आपल्यावर विश्वास ठेवतील का?"

"आत्याने ठेवला होता, साहेब. म्हणून ती इथे पडलीय."

"तक्ता पाठव," संपादक म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापून आली.

मंडळी, संशोधनाचा नुसता मथळा करू नका. लिहिणाऱ्यांनो, निबंध शेवटपर्यंत वाचा, कळला नाही तर ज्यांनी लिहिला त्यांना विचारा. वाचणाऱ्यांनो, 'दुप्पट' दिसलं की कितीच्या, ते विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधाला हात लावू नका!

आत्या आता घरी आहे. उजव्या हातात कात्री मात्र धरता येत नाही, म्हणून कात्रणं तोच कापतो. परवा त्याने कात्री उचलली तशी ती म्हणाली, "थांब. आधी सांग, अकरावं पान वाचलंस?"

"वाचलं, आत्या."

"मग काप."