दर चाळीस सेकंदांनी

घड्याळजीला सकाळी नऊला उचकी लागली आणि दुपारचे चार वाजले तरी ती हटायला तयार नव्हती. धंद्याची सवय म्हणून त्याने ती मोजली. दर चाळीस सेकंदांनी एक, न चुकता. दुकानातल्या निम्म्या घड्याळांना एवढी शिस्त नव्हती.

पाच वाजता निवृत्त मुख्याध्यापिका आपलं जुनं मनगटी घड्याळ न्यायला येणार होत्या. उद्या ते नातीला द्यायचं होतं. उचकी येऊन गेली की चाळीस सेकंद हात स्थिर, या हिशोबाने घड्याळजीने पाच स्क्रू बसवले होते. सहाव्याला पंचेचाळीस लागत. तो मोहरीहून लहान, आता कुठे मिळतही नाही. दोनदा उडाला होता. दोनदा घड्याळजीने रांगत फरशी पिंजून काढली होती.

घर दुकानामागेच, त्यामुळे उपचारांना तोटा नव्हता. मोठी बहीण मधाची बाटली घेऊन आली.

"हे चाट. निसर्गातलं आहे, अपाय नाही."

"वन्सं, विंचूसुद्धा निसर्गातलाच असतो," बायको म्हणाली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि डॉक्टरांना विचारून गोळी घेऊन आली होती. "अहो, ही घ्या."

"वहिनी, त्या गोळीचे दुष्परिणाम वाचलेस का? भिंग लागतं वाचायला."

"यांच्या डोळ्यालाच आहे की भिंग. वाचू देत."

"वाचतो... उचक्!"

एकीचं घेतलं तर दुसरी आठवडाभर अबोला धरणार. घड्याळजीने गोळी मधात बुडवली आणि दोघींच्या डोळ्यांदेखत गिळली.

थोड्या वेळाने उचकी थांबली.

"मध!" बहीण म्हणाली.

"गोळी!" बायको म्हणाली.

मग चर्चा शास्त्रीय पातळीवर गेली, म्हणजे एकमेकींच्या माहेर-सासरापर्यंत.

घड्याळजीने चिमट्यात स्क्रू धरला आणि तसाच बसून राहिला.

"अरे, लाव ना!" बहीण ओरडली.

"एक येऊन जाऊ दे, मग लावतो."

"अहो, पण गेली ना ती!"

"तेच तर. आता कधी येईल, काही भरवसा नाही."

पाचला दहा कमी असताना मुख्याध्यापिका आल्या. दोघी एकदम बोलत असूनही त्यांना सगळं कळलं. छत्तीस वर्षं वर्गावर काढली होती. त्या घड्याळजीच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "उचक्!"

घड्याळजीचा हात आपसूक चालू लागला. चाळिसावा सेकंद आला, गेला. पंचेचाळिसाव्याला स्क्रू बसला. घड्याळ टिकटिकू लागलं.

"झालं!" म्हणत त्याने हसून मागे पाहिलं.

मुख्याध्यापिका भिंतीला टेकल्या होत्या; आता उचकी त्यांना लागली होती, खरीखुरी. एका बाजूने मधाचा चमचा त्यांच्या ओठांपर्यंत पोचला होता, दुसऱ्या बाजूने गोळी.

"बाई, आधी हे घ्या," बहीण म्हणत होती. "तुम्ही अजून दुसरं काही घेतलं नाही ना? मग मध की गोळी, आज निकाल लागूनच जाऊ दे."