जांभळ्या झाकणाची नळी

सोसाइयाला बहिणीचा मान राखायची भारी हौस. ती अंगणात आली की हा मागच्या दारानं पसार. लुपे आत्याला तेच खुपायचं. रीत तिला कुणी शिकवायला नको होती. त्यांच्या वावाऊ बेटावर वयात आलेले भाऊ-बहीण एका खोलीत बसत नाहीत, एकमेकांच्या देहाचा तर विषयच नको. पण रीत पाळावी, तिच्याआड दडू नये.

सोसाइया इस्पितळात रक्ततपासणीच्या खोलीत कामाला. बहीण कालोलाइने पोटुशी, आणि तिच्या रक्तात काविळीचा विषाणू. त्यानंच त्यांच्या बापाचं, लुपेच्या पाठच्या भावाचं, लिव्हर खाल्लं होतं. यंत्र विषाणूचा डीएनए मोजतं. आकडा मोठा निघाला की आईला बाळंतपणाआधी गोळ्या सुरू करतात, म्हणजे बाळाला लागण होत नाही.

बहिणीचा दंड धरायला नको म्हणून सोसाइया बाहेर गेला. नव्या नर्सनं रक्त काढलं, ते हिरव्या झाकणाच्या नळीत. त्या नळीतल्या औषधानं यंत्र आंधळं होतं. आकडा आलाच नाही. जांभळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त घ्यायला हवं, एवढंच कुणाला तरी सांगायचं होतं. हा तोंडात गुळणी धरून बसला. निरोप नाही म्हणजे सगळं बरं, असं समजून कालोलाइने चटया विणत राहिली.

बाळ जन्मल्यावर डॉक्टरनं आकडा विचारला, तेव्हा सगळं उघडं पडलं.

लुपे तडक इस्पितळातल्या त्याच्या खोलीत शिरली.

"आत्या, इथं बाहेरचे आत येत नाहीत."

"तुझ्या बापाला मी कडेवर वाढवलं. मला दार दाखवतोस?"

तो खाली मान घालून जमिनीवर बसला. "कसं बोलणार होतो, आत्या? तिच्या रक्ताचं, तिच्या पोटाचं... भाऊ आहे मी."

"मग मला सांगायचंस. आत्या काय नुसती बाळाचं नाव ठेवायला असते?"

"बाळाला जन्मल्याबरोबर लसीची सुई दिलीय. बहुतेक बाळं त्यावरही वाचतात."

"बहुतेक! तुझा बाप बसला का त्या बहुतेकांत?"

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाळाचं कळणार कधी?"

"वर्षाचं होत आलं, की त्याचं रक्त तपासतात."

तोवर कालोलाइने त्याला पाजणार, न्हाऊ घालणार, आणि दर वेळी त्याच्या डोळ्यांत पिवळेपणा शोधणार. लुपेला उभ्या जागी थकल्यासारखं झालं. पण आवाज ढळला नाही.

"ऐक, सोसाइया. ते रक्त तू काढायचंस. जे निघेल ते बहिणीसमोर बसून, तुझ्या तोंडानं सांगायचंस. आत्याचा शब्द बापाच्याही वर; मी हुकूम देतेय, रीत मोडल्याचं पाप माझ्या माथी. आणि तिचा मान राखला, असं पुन्हा म्हणू नकोस. तू तुझी लाज राखलीस, आणि ती त्या लेकराच्या जिवावर."