दुसऱ्या पंगतीची गोष्ट

विशालला कंपनीकडून गोव्यातल्या आश्वेच्या किनाऱ्यावरच्या फ्रेंच हॉटेलातल्या रविवारच्या जेवणाचं दोघांचं कूपन मिळालं, आणि नेमका त्याच आठवड्यात पल्लवीला अंड्याचा वाससुद्धा सहन होईना. तिला तिसरा महिना लागला होता. बायकोला एकटं सोडायला विशाल तयार नव्हता आणि कूपन फुकट घालवायला पल्लवी. शेवटी तिनेच तोडगा काढला, "माझी आई आलीच आहे शिरगावहून. दोन्ही आयांना जाऊ दे."

दोन्ही आयांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

विशालची आई प्रभावती आणि पल्लवीची आई आनंदी यांचं बोलणं लग्नाला तीन वर्षं झाली तरी 'चहा घ्या' आणि 'बरं आहे ना' यापुढे गेलं नव्हतं. लग्नात हळर्णच्या, म्हणजे मुलाकडच्या मंडळींना, खुद्द नवऱ्यामुलाच्या आईला, दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं. प्रभावती भांडली नाही. हसून जेवली, आणि त्यानंतर विहिणीसमोर फारशी हसली नाही.

पण मुलांपुढे नाही कोण म्हणणार? शेजारच्या धाकूने दोघींना आपल्या गाडीतून आश्वेला सोडलं. ठेवणीतल्या साड्या नेसून दोघी वाळूतल्या मोठ्या पांढऱ्या छत्रीखाली बसल्या. समोर समुद्र, बाजूला लांबच लांब टेबलं आणि त्यांवर अन्नाच्या राशी. बसल्या त्या बसूनच राहिल्या. प्रभावती मुलाकडची, ती कशी आधी उठणार? आणि ती उठल्याशिवाय आनंदीला उठणं शोभेना. आजूबाजूचे गोरे लोक बशा भरभरून आणत होते.

शेवटी एक वेटर लगबगीने आला. बोलण्यावरून कोल्हापूरकडचा. "काकू, बसून काय राहिलाय? उठा की! हितं कोण वाढत न्हाई, आपलं आपुन घ्यायचं."

दोघी एकदमच उठल्या.

पहिल्याच टेबलावर बर्फात मांडलेली कालवं होती. उघडी आणि चक्क कच्ची. प्रभावतीने जन्मभर कालवं खाल्ली होती, पण शिजवून, झणझणीत तिखलं करून.

"हे लोक अशीच खातात?"

"लिंबू पिळून," वेटर म्हणाला.

"मी खाणार," आनंदी म्हणाली आणि खरंच एक शिंपला तोंडाला लावला. तिने डोळे गच्च मिटले, गिळलं, आणि डोळे उघडून गंभीरपणे सांगितलं, "समुद्र प्याल्यासारखं लागतं."

प्रभावतीला हसू आवरेना. पण विहिणीपेक्षा मागे राहणं तिला परवडणारं नव्हतं. तिनेही एक खाल्लं. मग आणखी एक.

पुढे मग दोघींना अडवणारं कोणी नव्हतं. चंद्रकोरीसारखे पाव होते, हात लावला की पापुद्रे उडायचे. आपल्या पोळ्यांसारखीच पण कागदाहून पातळ पोळी होती, आत लोणी आणि साखर. एका चीजला असा वास होता की प्रभावतीने पदर नाकाला लावला. "हे कोणी वाळत घालून विसरलं की काय?" आनंदीला ठसका लागला.

गोडाच्या टेबलाशी मात्र घोळ झाला. लिंबाच्या पिवळ्याधमक टार्टचा एकच तुकडा उरला होता.

"तुम्ही घ्या, विहीणबाई," आनंदी म्हणाली.

"छे, छे, तुम्ही घ्या."

"तुमचा मान आहे हो."

तेवढ्यात टोपीवाल्या एका उंच गोऱ्याने दोघींच्या मधून हात घातला, तुकडा बशीत घेतला आणि हसून 'थँक्यू' म्हणून निघून गेला.

"घ्या!" प्रभावतीच्या तोंडून निघून गेलं. "इथेही आमची दुसरीच पंगत!"

आनंदीच्या हातातला चमचा थांबला. तिने तो बशीत ठेवला. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी पहिल्या पंगतीचा भात करपला होता. मोठं टोपच्या टोप लागलेलं. घरचेच लोक मुकाट्याने जेवले. तुमच्या पानात तो कसा वाढू? दुसरा भात होईपर्यंत तुम्हाला थांबवून ठेवलं."

"मग तेव्हाच सांगायचं नाही?"

"मुलीकडचा भात करपला, हे मुलाकडच्यांना सांगू?"

तीन वर्षं प्रभावती जे मनात धरून बसली होती, ते करपलेल्या भाताएवढंच निघालं. आधी तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली आणि मग असं हसू फुटलं की तिला टेबलाला धरावं लागलं. आनंदीही हसू लागली. वेटर धावत आला, "काय झालं काकू?"

"काही नाही रे. हे पिवळं आणखी येणार आहे का?"

"आत्ता आणतो. ताजं."

"आण. आम्ही इथेच उभ्या आहोत," प्रभावती म्हणाली, आणि दोघी बशा घेऊन टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. टोपीवाला पुन्हा आला. पण दोन काठपदरी साड्यांमधून हात घालायची या वेळी त्याची छाती झाली नाही. टार्टचं ताट आलं तेव्हा प्रभावतीने पहिला तुकडा उचलून आनंदीच्या बशीत घातला. आनंदी नको नको म्हणत होती, पण या वेळी तिचं काही चाललं नाही.

धाकू न्यायला आला तेव्हा दोघी चपला काढून, वाळूत पाय पसरून काळी कॉफी पीत होत्या. ती दोघींनाही आवडली नव्हती.

"चला, पोचायला उशीर होतोय," धाकू म्हणाला. "आणि ह्या मावशींना उद्या सकाळी म्हापशाच्या स्टँडवर सोडायचंय ना?"

"उद्या नको," प्रभावती पायाची वाळू झटकत म्हणाली. "आनंदी शुक्रवारी जाईल. आधी आम्ही दोघी बाजार करू."

आनंदीने चमकून वर बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच विहिणीने तिचं नाव घेतलं होतं.