‘बघितलं’ म्हणणारा फोन

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. माझ्या काचेला तडा गेलाय आणि माझ्यावरून आजवर कुणी कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिलेल्या नाहीत. रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कचेरीचा मी ड्यूटीचा फोन. कुठे काही बिघडलं की मी वाजतो. मला तेवढंच येतं.

आधी मी यंत्रं सांभाळणाऱ्या काकांच्या खिशात असे. माझी कुठली हाक खरी आणि कुठली नुसती कुरकुर, हे त्यांना बरोबर कळे. मग साहेबांनी ठरवलं, ज्यानं लिहिलं त्यानंच निस्तरावं. काका दुसऱ्या खात्यात गेले आणि मी प्रोग्राम लिहिणाऱ्या ताईंकडे आलो.

खोटं कशाला बोलू? सुरुवातीला बरंच झालं. काकांनी ठिगळं लावून चालवलेल्या तीन चुका ताईंनी आठवड्यात मुळापासून काढल्या. साहेबांनी सभेत मला उंच धरून दाखवलं. कौतुक झालं, नवीन काम आलं, दुरुस्तीला वेळ मात्र आला नाही. मी दिवसाला चाळीसदा वाजू लागलो. तेव्हा ताईंनी प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच सुचेल ते केलं. मी वाजण्याआधीच माझ्या वतीनं ‘बघितलं’ असं कळवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. म्हणाल्या, आठवडाभरच. त्याला आता वर्ष झालं.

परवा ताईंच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दुसरा डोळा आधीच गेलेला. तारीख तीन महिन्यांनी मिळाली होती. आबा सकाळपासून उपाशी बसले होते, आणि भिंतीवरच्या पडद्यावर नावं काही पुढे सरकेनात. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, यादीच उघडत नाही.

“कुणी लिहिलंय हो हे?” ताई वैतागून म्हणाल्या.

मी पर्समध्ये होतो. मला माहीत होतं. चारदा निरोप आला आणि चारही वेळा मी मुकाट्यानं ‘बघितलं’ म्हणालो.

दुपारी किती वाजले ते बघायला ताईंनी मला बाहेर काढलं. चारही निरोप वाचले आणि तिथेच बाकावर बसून पाच मिनिटांत यादी उघडून दिली. तोवर डॉक्टर निघून गेले होते. नवी तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली.

“सापडला का गं तो लिहिणारा?” आबांनी विचारलं.

“हो.”

“त्याला फार बोलू नकोस. एकटाच असेल बिचारा.”

ताईंनी तो छोटा प्रोग्राम काढून टाकला. मी पुन्हा चाळीसदा वाजतो. दुरुस्तीला वेळ अजून मिळालेला नाही. मित्रांनो, कुणाच्या हाती मला द्याल, तर मी का वाजतो ते बघायला त्याला सवडही द्या. मी स्वतः काही करू शकत नाही. हे बघा, पुन्हा वाजलो.