घरगुती अपघात

तपासनीस बाईंनी गुडघे टेकले, रुमाल ओला केला आणि जळक्या सिलिंडरच्या मानेवरची काजळी पुसायला सुरुवात केली. काजळी चिवट होती. रुमाल काळा झाला, बोटं काळी झाली, आणि मग खालून पिवळ्या रंगाची एक पट्टी दिसू लागली. बाईंचा हात थांबला.

खोली एकच होती. भिंती छतापर्यंत करपल्या होत्या, शिलाई मशीनचे लोखंडी पाय तेवढे उरले होते. सिलिंडर फुटला नव्हता. त्याच्या तोंडातून गॅस झिरपत राहिला, बंद खोलीत साचला, आणि सकाळी चहासाठी काडी ओढल्याबरोबर सगळी खोलीच पेटली. चहा ठेवणारी बाई दुपारी दवाखान्यात वारली. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. बाईंच्या वरिष्ठांनी फोनवर सांगितलं होतं, साधी केस आहे, घरगुती अपघात, नजर टाकून या आणि सही करून मोकळ्या व्हा.

पण घरच्या सिलिंडरला पट्टी कोण ओढतं?

ही पट्टी बाईंच्याच सांगण्यावरून ओढलेली होती. गेल्या महिन्यात त्या जवळच्या शिवणकारखान्यात तपासणीला गेल्या होत्या. कामगारांच्या जेवणाचं स्वयंपाकघर तिथेच होतं, आणि जिन्याखालच्या कोंदट खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांना खेटून सिलिंडर रचलेले होते. परवाना मोजक्या सिलिंडरांचा, साठा त्याच्या कितीतरी पट. बाईंनी मालकाला चांगलंच फैलावर घेतलं होतं. जास्तीचे सिलिंडर हलवा, उरलेल्यांसाठी बाहेर मोकळ्यावर जाळीची खोली बांधा, आणि दुसरीकडच्यांत मिसळू नयेत म्हणून सगळ्यांवर आधी खूण करा. मुदत संपल्यावर त्या पुन्हा गेल्या, तर जिन्याखाली नुसता चुना मारलेला कोनाडा होता. बाहेर जाळीची खोली, वाळूच्या बादल्या, धूम्रपान निषिद्धची पाटी, सगळं जिथल्या तिथे. जास्तीचे कुठे गेले, असं बाईंनी विचारलंही होतं. एजन्सीला परत पाठवले, मालक म्हणाला होता. बाईंनी मंजुरी दिली आणि बऱ्याच दिवसांनी आपलं म्हणणं कुणीतरी ऐकलं, या समाधानात घरी गेल्या होत्या.

त्या बाहेर आल्या. अक्काचा धाकटा भाऊ उंबऱ्यावर बसला होता. तो त्याच कारखान्यात इस्त्री मारायचा. बहिणीला ओढून काढताना दोन्ही हात भाजले होते. पट्ट्या बांधलेले हात त्याने मांडीवर दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे ठेवले होते. आईबाप गेल्यावर अक्कानेच त्याला वाढवलं होतं. त्याच्या पायी तिने लग्नाचं नाव काढलं नाही, असं शेजारची म्हातारी मघाशी सांगून गेली होती.

बाईंनी टाकी कुणाची म्हणून विचारलं. आमचीच, तो म्हणाला. बाईंनी काळा रुमाल त्याच्यासमोर धरला आणि पट्टी दिसली म्हणून सांगितलं. मग खाली बघतच त्याने सांगितलं. जवळपास राहणाऱ्या प्रत्येकाने एकेक टाकी घरी न्यायची, असा सुपरवायझरचा निरोप होता. चार दिवसांचा प्रश्न आहे, म्हणाला. ज्याला जमणार नाही त्याने उद्यापासून यायची तसदी घेऊ नये, असंही म्हणाला. पुढे स्वयंपाकघरातली संपली की कुणाच्या तरी घरून भरलेली मागवायचे. अक्काच्या खोलीत जागाच नव्हती. तिने ती टाकी मशीनशेजारी उभी केली, वर कापड टाकलं, कापडावर दोऱ्याची रिळं मांडली. पाहुणा आलाय तर नुसता बसून का खाईल, थोडं काम करू दे, असं म्हणून ती हसली होती.

"टाकीच्या तोंडावर टोपण होतं?"

"नव्हतं. आणली तशीच होती."

मग तो मान वर करून म्हणाला, "तुम्ही हलवा म्हणालात ना मॅडम. आम्ही हलवल्या."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

कारखान्याच्या मालकाने त्यांना खुर्ची दिली, पंखा वाढवला. अक्काबद्दल ऐकून वाईट वाटलं, म्हणाला. मग बाईंना घेऊन जाळीच्या खोलीपाशी गेला आणि एकेका सिलिंडरवर हात ठेवत, माझ्या आवारात नियमापेक्षा एक तरी जास्त दाखवा, म्हणाला. दृष्टीआड सृष्टी, आणि त्याची दृष्टी कुंपणापाशी संपत होती. पट्टीचा विषय निघताच त्याने आवाज खाली आणला.

"त्याने ती इथून उचलून नेली असणार. तक्रार करायची तर मला करता येईल. पण बिचाऱ्याची बहीण गेलीय, मी कशाला करू? तुम्हीही कशाला करता?"

केस केली तर चोरी त्या पोराच्याच माथी मारली जाणार, हे बाईंना कळलं. बाहेर येऊन त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की त्या कारखान्याच्या मंजुरीवर सही कुणाची आहे?

गाडीपाशी ड्रायव्हरकाका उभे होते. त्यांनी सगळं न विचारताच ओळखलं होतं. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला," ते स्वतःशीच पुटपुटले, आणि बाईंनी ऐकलं हे लक्षात आल्यावर ओशाळून दार उघडलं.

"ऑफिसला, मॅडम?"

"नाही काका. परत गल्लीत."

पट्टीचे बाकीचे सिलिंडर या गल्ल्यांतच कुठेतरी होते, खाटांखाली, मोऱ्यांत, चुलीशेजारी. बाईंनी पहिलं दार ठोठावलं. आमच्याकडे काही नाही, आतून उत्तर आलं. दुसऱ्या दारात कडेवर मूल घेतलेली एक बाई उभी राहिली; तिने एका हाताने दार अडवलं आणि नवरा घरी नाही म्हणाली. तिसऱ्या दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आत कुणीतरी खोकत होतं. तेवढ्यात मागच्या बाजूने लोखंड दगडावर घासल्याचा आवाज आला. काका धापा टाकत आले.

"मॅडम, तुम्ही दारं वाजवताय आणि टाक्या मागच्या दाराने पुढच्या गल्लीत चालल्यात. एक तर भिंतीवरून खाली सोडताना पाहिली मी."

बाईंनी चौथ्या दारावर उचललेला हात खाली घेतला. बाई पुढच्या गल्लीत गेल्या असत्या, तर टाक्या त्याच्याही पुढच्या गल्लीत गेल्या असत्या. त्या नळाच्या ओट्यावर जाऊन बसल्या. कुणाचं नाव विचारणार नाही, टाक्या फक्त बाहेर मोकळ्यावर आणून ठेवा, असं त्यांनी काकांना दारोदार सांगायला लावलं. काका सांगून आले. कुणी हललं नाही. खिडक्यांतून डोळे तेवढे दिसत होते.

मग अक्काचा इस्त्रीवाला भाऊ उंबऱ्यावरून उठला. अक्काला दवाखान्यातून आणायचं अजून राहिलं होतं, नातेवाईक त्याची वाट बघत होते. तो एका दारापाशी गेला, काहीतरी म्हणाला, पुढच्या दारापाशी गेला. हातांनी दार वाजवता येत नसल्याने तो खांद्याने ढकलत होता. तो काय म्हणत होता ते ओट्यापर्यंत ऐकू आलं नाही. पण कडेवर मूल असलेली मघाची ती बाई मूल सासूकडे देऊन बाहेर आली, आणि तिच्या मागून तिचा नवरा टाकी उचलून आणू लागला.

मग एकामागून एक टाक्या येत गेल्या. कुणी घोंगडीत गुंडाळलेली, कुणी तांदळाच्या पिंपातून काढलेली. एका घरात टाकीवर पाटी ठेवून मुलं अभ्यास करत होती. बाई प्रत्येकीचं तोंड तपासत होत्या, दोन टाक्या त्यांनी घाईने लांब नेऊन ठेवायला लावल्या. बाईंनी बोलावलेली एजन्सीची गाडी येईपर्यंत पोरं, विड्या, चुली, सगळं लांब ठेवलं.

गाडी गेल्यावर इस्त्रीवाला बाईंपाशी आला. आता गल्लीतली माणसंही त्याच्यामागे येऊन उभी राहिली होती.

"मॅडम, अक्काचं घरगुतीच लिहा."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"ती तर गेलीच," तो म्हणाला. "कारखाना बंद पडला तर हे सगळे कुठे जातील?"

"मालक तुला चोर म्हणतोय."

"म्हणू दे."

मागची माणसं जमिनीकडे बघत होती. त्यांच्या गप्प राहण्यातच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांना स्वतःलाही झेपत नव्हतं. बाईंनी चेहऱ्यावरचा घाम पुसला. कपाळावर काळा फराटा उठला.

"टाकी कारखान्याची होती, असं लिहीन," त्या म्हणाल्या. "तू चोरली नाहीस, हेही लिहीन. आणि मंजुरी माझी होती."

"मग उद्या कामाला जायचं का?" मागून कुणीतरी विचारलं.

ते मला माहीत नाही, बाई म्हणाल्या. दोनतीन जण इस्त्रीवाल्याला घेऊन दवाखान्याच्या दिशेने गेले आणि बाकीचे आपापल्या दारांत पांगले.

काका गाडी वळवत असताना पलीकडच्या खोलीतून एक मध्यमवयीन बाई आली. धुण्याभांड्याची कामं करणारी होती, कारखान्याशी तिचा काही संबंध नव्हता. ती आपली टाकी ओढत आणत होती, थांबत होती, पुन्हा ओढत होती. टाकीवर पट्टी नव्हती. नळी तिने सुरीने कापलेली दिसत होती.

"ही पण न्या," ती म्हणाली.

"ही तुमच्या घरची आहे, मावशी. हिला काही झालेलं नाही."

"माहितेय."

"मग स्वयंपाक कशावर कराल?"

"बघू. काल रात्री भिंतीपलीकडे अक्का झोपली होती, अलीकडे मी. आता काडी ओढायला हात होत नाही."

बाईंनी टाकीचं तोंड बघितलं, नाक जवळ नेलं, बोट फिरवलं. टाकी चांगली आहे, नुसती नळी नवी लावून घ्या, त्या म्हणाल्या.

"तसं लिहून देता?"

काकांनी गाडी बंद केली.

"लिहून नाही देत," बाई म्हणाल्या. त्यांनी टाकीचा एक कान धरला, दुसरा तिने धरला, आणि दोघी खोलीकडे निघाल्या. काका नवी नळी आणायला दुकानाकडे गेले. दारात बाईंनी चपला काढल्या.

"साबण आहे का घरात? आणि थोडं पाणी द्या. नळी लावली की जोडावर फेस टाकून बघू. बुडबुडा येतो का, तुम्हीच बघा."