बाहेर काढलेला लायल

बेसबॉलच्या सामन्यात पाचव्या डावात कोच ऑर्टमननी लायल हॅगर्टीला मैदानातून बाहेर बोलावलं आणि बाकावरची पोरं ताडकन उठली. ना दुखापत, ना चूक. चालू सामन्यात असा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणारा, काढला की त्याचा अर्थ एकच: वरच्या लीगमधून बोलावणं! धडाधड मिठ्या सुरू झाल्या. एकाने तर त्याची टोपीच पळवली.

"म्हाताऱ्या, निघालास अखेर!"

"गप रे, कोच अजून बोललेत कुठे," लायल म्हणाला. चौतिशीचा गडी. सगळी उमर छोट्या गावांची मैदानं, बसमधली झोप आणि गार सँडविच यांत गेली. वरच्या लीगमध्ये एक दिवससुद्धा नाही. एक दिवस हो! फार मागत होता का बिचारा?

कोचनी मान डोलावली. "वरच्या संघाच्या कॅचरचं बोट मोडलंय. संध्याकाळचं विमान. बायकोला कळव."

फोनवर डार्ला किंचाळलीच. मागून पोरीचा आरडाओरडा. "सूट घेऊन निघालेच मी! दोन मिनिटांत पोचते."

पायांवरचे पॅड सोडतोय तोवर कोच परत आले. नजर जमिनीवर.

"लायल, त्यांनी दुसऱ्या संघातला कॅचर उचलला. आत्ताच फोन आला. मीच घाई केली रे. पक्कं होईपर्यंत थांबायला हवं होतं मी."

"मग मला परत खेळू द्या."

एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत उतरत नाही, हे लायलला काय ठाऊक नव्हतं? पण तोंडातून गेलं खरं. ज्याने टोपी पळवली होती, त्याने ती गुपचूप त्याच्या डोक्यावर ठेवली.

लायलने फोन लावला. "डार्ला, गाडी वळव. रद्द झालं सगळं."

"आम्ही मैदानाच्या फाटकाशी पोचलोय," ती म्हणाली.

"येऊन काय करणार? मला आज खेळताही येत नाही आता. नुसता बसलोय."

"मग बसलेला बघू. इतकी वर्षं काय वेगळं बघितलं?" डार्ला म्हणाली. "बाकाच्या कुठल्या टोकाला बसलायस, तेवढं सांग. पोरगी हात करणार म्हणते."

"डाव्या," लायल म्हणाला आणि टोपी काढून उभा राहिला, लांबून दिसावा म्हणून.